गीझरमागचा एल्बो

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या पत्र्याच्या शेडात
मी बर्फाविरुद्ध काम केलं अख्खा दिवाळीचा महिना.
बर्फ मी पाहिलेला नाही.
पाहिलाय तो कॅम्पातल्या कारखान्यातला,
भुशात पुरलेला, मासळीचा वास लागलेला.

सुभेदार निंगाप्पा बेळवटकरांनी
जुनी मिनीबस आणून लावली दारात.
सीटा काढलेल्या. आत खाट, ओटा, एवढीशी मोरी.
"नव्वद लिटरची टाकी बसव, सातेरी.
जानेवारीत हिला पूहला न्यायचीय, किन्नौरच्या टोकाला.
सगळी नोकरी पत्रातनं सांगितलं थंडी म्हणजे काय,
हिला खरं वाटलं नाही."
रात्री उणे पंधरा, म्हणाले,
जसं आपण सांगावं, पुढं पंधरा खड्डे आहेत, जपून जा.

मी दस्तगीरकडं गेलो. बर्फाच्या लाद्या ओढून
त्याच्या बोटांची नखं पांढरी झालीत.
"पाणी गोठलं की फुगतं, वस्ताद.
डबा काठोकाठ भरू नये. चार बोटं सोडावीत,
नाहीतर लोखंड उसवतं."

लोखंड उसवतं.
हे घेऊन मी परत आलो.

टाकी गाडीच्या पोटाखालनं काढली,
आत घेतली, खाटेखाली, माणसांच्या उबेला.
पाइपांवर काळा फोम चढवला,
बाळंतिणीच्या कानाला फडकं बांधतात तसा,
त्याखाली गरम होणारी पट्टी, वळसा-वळसा.
सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याची चावी:
रात्र फारच कडक असली
तर सगळं पाणी सोडून द्यायचं आणि निजायचं.
बसूनं आणि मी मिळून तिच्यावर रंगानं लिहिलं.
"रात्री" त्याच्याही भाषेत रात्रीच,
पुढं मी लिहिलं "उघडा", त्यानं खाली "तेगी".

राहिला शेवटचा धडा. तो मला सांगवेना.

एकतीस वर्षं मी टिपकणं बंद करतोय.
वडगावात, शहापुरात, अनगोळात,
वायसर बदल, दोरा गुंडाळ, रंग लाव.
आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या गल्ल्यांत
एका घागरीवरनं जावा-जावांचं बोलणं तुटलेलं पाहिलंय.
आणि आता मीच सांगूलोय,
नर्मदाकाकू, साध्या थंडीच्या रात्री नळ पुरता आवळू नका.
धार नको. नुसतं टिप, टिप.
हलतं पाणी लवकर गोठत नाही.
खाली बादली लावा, सकाळी परत टाकीत ओता.

काकू बघत राहिल्या,
मी देवळात चप्पल घालून आल्यासारखं.
"दहा रुपयांचा वायसर नाही व्हय रे तुझ्याकडं?"

जानेवारीत, पहाटे पाचला फोन.
आमच्याकडं बारा डिग्री, मी कानटोपीत.
सुभेदार काही बोलेनात. फोन मोरीजवळ धरलेला असावा.
टिप.
मोठं अंतर. इतकं, की मी बसता झालो.
टिप.
"ऐकलास?"
मागनं काकू: "त्याला ते पण सांगा की."
"एक एल्बो गेला बघ. गीझरमागचा.
सायकलच्या ट्यूबनं आवळलाय. बाकी सगळं धड."

गीझरमागचा.
फोमचा तुकडा कापून हातात होता त्या दिवशी,
आणि घरनं फोन: पाणी आलंय, मोटर लागेना, या लवकर.
मी स्कूटरला किक मारली.
चार पिंपं भरून परत आलो
तर बसूनं गीझर बसवून टाकलेला, चारी स्क्रू पिळून.
मी म्हणालो असणार, झालं.

तो तुकडा शेडात खिळ्याला आहे, सव्वा वीत.
काल झाडताना बसूनं विचारलं, टाकू काय?
राहू दे म्हटलं.
फेब्रुवारीत गाडी यायची आहे.